कथाचित्र आणि लेखचित्र: संहिता हातात पडल्यापासून छपाईला जाईपर्यंत

दिवाळी अंकाची कथा चित्रकाराच्या हातात पडते ती बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये. बेळगाव-खानापुरात तेव्हा पाऊस धरून बसलेला असतो, कागद सादळलेला असतो आणि चित्रं द्यायला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. वर्तमानपत्राच्या पुरवणीचं काम आणखी घाईचं: दुपारी लेख येतो, संध्याकाळी चित्र जायला हवं. दोन्ही कामांची पद्धत वेगळी आहे, पण एक गोष्ट दोन्हीकडे लागू होते. लेखकाने जे लिहिलंय तेच चित्राने पुन्हा सांगितलं, तर ती जागा फुकट गेली. कथेत आहे पण वाक्यांत आलेलं नाही, ते चित्राने दाखवावं. ते वाचणाऱ्याला पटतं कधी? त्या गावचा दगड, लुगडं, छप्पर आणि दुकानाची पाटी बिनचूक असेल तेव्हा.

कथा तीनदा वाचा

पहिल्यांदा पेन्सिल हातात न घेता सलग वाचा. दुसऱ्या वाचनात समासात खुणा करा: माणसं किती, वयं काय, ऋतू कोणता, वेळ कोणती, उजेड कुठून येतोय, कोणाच्या हातात काय आहे. लेखक बऱ्याचदा यातलं निम्मंच सांगतो, उरलेलं तुम्हाला ठरवायचं असतं. तिसऱ्या वाचनात कथा जिथे वळते ती जागा शोधा आणि ती चित्रात घेऊ नका. कारण साधं आहे. चित्र बहुधा कथेच्या पहिल्या पानावर छापलं जातं. शेवट तिथेच दिसला तर लेखकाने दहा पानं राखलेलं गुपित तुम्ही आधीच फोडलं. वळणाच्या थोडं आधीचा किंवा थोडा नंतरचा क्षण घ्या.

नमुन्यादाखल एक कथा घेऊ. निपाणीला दिलेली लेक बऱ्याच दिवसांनी बेळगावच्या वडगावात माहेरी येते. वडील हातमागावर साड्या विणायचे, तो माग आता बंद आहे. हे तिला कोणी सांगत नाही, तिचं तिलाच कळतं. बहुतेक जण इथे काढतील तो कपाळाला हात लावून मागाशेजारी बसलेला म्हातारा. पण तेवढं तर शब्दांतच आलंय. खड्डामागावर विणकर जमिनीच्या पातळीला बसतो आणि पाय खालच्या खड्ड्यात सोडतो. माग बंद पडला की त्या खड्ड्याचं काय होतं? त्यावर फळ्या टाकतात. मग चित्र असं: खड्ड्यावर तीन फळ्या, त्यावर ज्वारीचं पोतं, पोत्याआडून दिसणारी मागाची फणी आणि भिंतीतल्या खिळ्याला सुतळीने टांगलेला, आडवं सूत नेणारा धोटा. दारात लेकीची फक्त सावली. वडील चित्रात नसले तरी चालतात. वाचक चित्र पाहून कथेत शिरतो आणि तिसऱ्या पानावर पोचल्यावर त्याला त्या फळ्या आठवतात.

काडेपेटीएवढी दहा रेखाटनं

छापील जागेचं माप संपादकाकडून सेंटिमीटरमध्ये मागून घ्या. ‘अर्धं पान’ एवढं उत्तर पुरेसं नाही, कारण अंकागणिक पानाचा आकार आणि समास बदलतो. माप 12 × 16 सेंमी असेल तर त्याच प्रमाणातल्या 3 × 4 सेंमीच्या दहा चौकटी एका कागदावर आखा. तपशील न घालता प्रत्येकीत फक्त तीन छटा भरा: पांढरी, मधली, काळी. एका चौकटीला तीन मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. पहिल्या दोन-तीन चौकटींत जे येतं ते कोणालाही सुचलं असतं, त्यामुळे दहा पूर्ण झाल्याशिवाय निवड करू नका.

मग कागद भिंतीला लावा, दोन मीटर मागे जा आणि डोळे किलकिले करून पाहा. जिच्यातला काळा आकार तरीही ओळखू येतो, ती चौकट घ्या. शीर्षक चित्रावर येणार असेल तर जागा आत्ताच राखून ठेवा. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार असतात आणि खाली उकार. अक्षराच्या उंचीच्या निम्मी जागा वर आणि तेवढीच खाली मोकळी लागते. ती सोडली नाही तर मांडणी करणारा रफार चित्रातल्या माणसाच्या डोक्यात खुपसतो आणि त्याला दोषही देता येत नाही.

संदर्भ: एकाच जिल्ह्यात दोन मुलूख

सीमाभागातल्या कथांची चित्रं सर्वांत जास्त फसतात ती इथे. ‘खेडेगाव’ म्हटलं की हात आपोआप कौलारू घर, नारळ आणि विहीर काढतो. बेळगाव जिल्ह्यात हे एका टोकाला खरं आणि दुसऱ्या टोकाला साफ खोटं आहे. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे घाटमाथ्याचं जंगल, तांबडी माती, जांभ्याच्या भिंती आणि मुसळधार पावसासाठी तीव्र उताराची कौलं. मलप्रभा नदी उगम पावते ती कणकुंबीलाच. पूर्वेला सौंदत्ती-अथणीकडे निघालं की पाऊस कमी होत जातो, माती काळी होते, ज्वारी आणि ऊस दिसू लागतो आणि जुन्या घरांवर सपाट धाब्याचं मातीचं माळवद येतं. अथणीच्या कथेत उतरती कौलं आणि नारळाची रांग काढली तर तिथला वाचक पान उलटून पुढे जातो. निपाणीच्या कथेत तंबाखू हवा. तंबाखूचं पान रुंद, लांबट आणि किंचित चिकट असतं, कोबीसारखं गोल काढू नका.

उजेडाचंही तसंच. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. जुलैत खानापूरकडे दिवसचे दिवस सावलीच पडत नाही, सगळा उजेड ढगातून गाळून आलेला असतो. भातलावणीच्या चित्रात माणसांच्या पायाशी काळीभोर सावली टाकली की ऋतूच खोटा पडतो. तिथे सावलीऐवजी चिखलातलं धूसर प्रतिबिंब काढा. डोक्यावर इरलं द्यायचं की प्लॅस्टिकची खोळ, हे कथेच्या काळावरून ठरवा.

कपड्यात इरकल साडी नीट पाहून घ्या, कारण कथांमध्ये ती वारंवार येते. तिची ओळख पदरात आहे: तांबड्या पदरावर पांढऱ्या रंगात देवळाच्या शिखरांसारखी टोकदार नक्षी. हाच टोपपदर. काळ्या-पांढऱ्या चित्रात तांबडा पदर गडद छटेत जातो, म्हणून ती शिखरं पांढरी राखून ठेवा, नंतर पांढऱ्या रंगाने काढू नका. डोक्यावरून घेतलेल्या पदराच्या घडीबरोबर नक्षी मोडली पाहिजे. ती सरळ रेषेत काढली की कापड पुठ्ठ्यासारखं दिसतं. चोळी खणाची असेल तर तिच्या काठाची रेघ दंडावर येते. पायातली कोल्हापुरी वहाण अथणी-निपाणी भागातही बनते. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही आहेत. पट्ट्याला दोन्ही बाजूंनी असलेले कान आणि अंगठ्याची वादी, एवढं नीट आलं तरी वहाण ओळखू येते.

आता पाट्या. सीमाभागातल्या रस्त्याचं चित्र पाटीशिवाय होत नाही, आणि पाटीवर कन्नड असणारच. कन्नड अक्षरं म्हणजे नुसत्या वाटोळ्या गिरगोट्या नव्हेत. बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर एक लहान फरकाटी असते, तिला कन्नडात तलेकट्टू म्हणतात. ती विसरली किंवा भलतीकडे वळली की कन्नड वाचणाऱ्याला चूक लांबून दिसते. मजकूर खऱ्या लिपीत लिहून घ्या, कन्नड शाळेत शिकलेल्या कोणाकडून तरी वाचून घ्या आणि मगच शाई लावा. शेजाऱ्याची लिपी नीट लिहिणं ही इथे साधी माणुसकी आहे. काळाचाही हिशेब ठेवा. इंग्रजीत शहराचं नाव अधिकृतपणे बदललं ते 1 नोव्हेंबर 2014 ला, तेव्हा 1985 सालच्या कथेत इंग्रजी पाटीवर जुनंच ‘बेलगाम’चं स्पेलिंग हवं. वायव्य कर्नाटक परिवहन मंडळ 1997 मध्ये वेगळं झालं, त्याआधीच्या एस.टी. स्टँडवर त्याचं नाव नको. पाटीवर साठ टक्के कन्नड हवं हा नियम 2024 चा आहे. बेळगावच्या सत्तरच्या दशकातल्या खडेबाजारात त्या मापाच्या पाट्या रंगवू नका.

संदर्भाचा फोटो समोर ठेवून चित्र काढू नका. फोटोवरून आधी चार-पाच टिपणं करा, मग फोटो बाजूला ठेवून टिपणांवरून चित्र करा. फोटोवरून थेट काढलेल्या चित्रात सगळे तपशील सारख्याच वजनाचे येतात आणि डोळा कुठेच ठरत नाही.

जवळच्या खाणी

प्रेरणेसाठी फार लांब जायची गरज नाही. गावच्या देवळाबाहेर उभा असलेला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, हे दगडातलं कथाचित्र आहे. तो खालून वर वाचायचा: तळाच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. उभ्या, अरुंद जागेत काळ कसा पुढे न्यायचा याचा उत्तम धडा. पुरवणीतल्या एका कॉलमची उंच पट्टी मिळाली की हीच रचना वापरून पाहा.

घाट उतरला की कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी आहे. एका आख्यानाच्या चित्रांच्या संचाला तिथे पोथी म्हणतात आणि सांगणारा एकेक चित्र समोर धरून कथा गातो. म्हणून प्रत्येक चित्रात एकच प्रसंग, माणसं एका बाजूने दिसणारी, डोळे मोठे आणि कोण कोणाशी बोलतंय हे लांबूनही स्पष्ट. माणसांची तोंडं कुठे वळली आहेत यावर सगळी गोष्ट चालते. एका कथेला तीन-चार चित्रं करायची असतील तर मुख्य पात्राची चालण्याची दिशा सर्व चित्रांत सारखी ठेवा. ते परत फिरतं तिथेच दिशा बदला.

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. त्यांचा जोड दहा रंगांचा, प्रत्येकी बारा, म्हणजे 120 पानांचा असतो. एवढ्याशा गोल पानात अवतार ओळखू यावा म्हणून बाह्याकार किती साधा करावा लागतो, ते पाहण्यासारखं आहे. गोवा-कारवारकडच्या देवळांवरची कावी तर दुरंगी छपाईची शाळाच. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबडा थर देतात आणि तो खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. अंकाला काळ्याबरोबर एकच जादा रंग परवडत असेल तर असाच विचार करा: रंग भरू नका, आधी पसरा आणि मग त्यातून पांढरं काढा.

माणसांची परंपराही इथलीच आहे. के. बी. कुलकर्णींनी बेळगावात चित्रकार घडवले, आणि त्यांचे शिष्य रवी परांजपे (1935–2022) हे बेळगावचेच. परांजप्यांच्या बोधचित्रांत पानाच्या कोऱ्या जागेला आकृतीइतकंच काम दिलेलं दिसतं. चित्र पाहताना तेवढंच शोधा: कोरा भाग कुठे आहे आणि तो काय करतोय.

कागद, शाई आणि पाऊस

चित्र छापील मापाच्या दीडपट काढा. 12 × 16 सेंमीचं चित्र 18 × 24 होतं, ते ए-फोर कागदावर बसतं आणि साध्या स्कॅनरवर एका दमात स्कॅन होतं. दुप्पट काढलं तर रेषा लहान होताना नाजूक होऊन तुटतात.

नुसत्या रेषेच्या कामाला 200–220 जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) गुळगुळीत कार्ट्रिज कागद पुरतो, शाईच्या धुवट छटा द्यायच्या असतील तर 300 जीएसएम घ्या. पावसाळ्यात कागद सादळतो, वरची खळ ओल धरते आणि टाकाची रेष सोलापुरी चादरीच्या सुतासारखी फुटते. उपाय: कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. काम करण्याआधी दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून मंद इस्त्री फिरवा. वापरायच्या कागदाच्या कोपऱ्यावर एक रेष मारून पाहा. ती फुटली तर त्या दिवशी टाक बाजूला ठेवून ब्रशने काम करा.

नवीन निबला तेलकट थर असतो, त्यामुळे शाई थेंबाथेंबाने गोळा होते. जुन्या ब्रशने थोडी टूथपेस्ट चोळून निब धुवा. जलरोधक काळी शाई वाळली की निबमध्ये दगडासारखी बसते, म्हणून दर दहा मिनिटांनी निब पाण्यात बुडवून पुसा. पेन्सिल एचबीची, हलकी. शाई वाळलीय असं वाटल्यावरही दमट दिवसांत तासभर खोडरबर लावू नका, काळा भाग राखाडी होतो आणि रेषा फरफटते.

छटांसाठी चार वाट्या करा: एकीत निव्वळ शाई, दुसरीत एक भाग शाईला दोन भाग पाणी, तिसरीत पाच, चौथीत बारा. त्याच कागदाच्या तुकड्यावर पट्टी काढून पूर्ण वाळू द्या, कारण ओली छटा वाळल्यावर फिकट होते. हलक्याकडून गडदकडे जा.

छपाईत काय मरतं

वर्तमानपत्राचा कागद शाई पितो. छपाईचे ठिपके पसरतात आणि तुम्ही दिलेली निम्मी छटा पाऊण होऊन बसते. दहा टक्क्यांखालची छटा उडून जाते, पंच्याऐंशीवरची काळ्यात बुडते. म्हणून पुरवणीच्या चित्रात कोरा पांढरा, साधारण 25 टक्के, साधारण 55 टक्के आणि काळा एवढ्याच चार पायऱ्या ठेवा. छापील मापात काळी रेष 0.2 मिमीपेक्षा बारीक नको आणि काळ्यावरची पांढरी रेष 0.3 मिमीपेक्षा बारीक नको, कारण पांढऱ्या रेषेत दोन्ही बाजूंनी शाई घुसते. दीडपट मूळ चित्रात ही मापं 0.3 आणि 0.45 मिमी होतात.

रंगीत चित्रातही बाह्यरेषा फक्त काळ्या शाईची ठेवा. रंगीत छपाईच्या निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी या चारही शाया मिळून केलेला काळा यंत्रावर तसूभर सरकला की चेहऱ्याभोवती निळी-तांबडी झालर दिसते. एका जागी पडणाऱ्या चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज वर्तमानपत्रासाठी 240 टक्क्यांच्या आत, गुळगुळीत आर्ट पेपरसाठी 300 च्या आत ठेवा, नाहीतर समोरच्या पानावर डाग उमटतात. चित्र पानाच्या कडेपर्यंत जाणार असेल तर चारी बाजूंनी 3 मिमी जादा काढा.

लेखचित्र

लेखाचं चित्र कथाचित्रासारखं प्रसंग दाखवत नाही, ते युक्तिवाद दाखवतं. लेख वाचून त्याचं एक वाक्य लिहा आणि वाक्यात क्रियापद हवंच. ‘उसाचं बिल’ हा विषय झाला. ‘ऊस गेला, पैसे आले नाहीत, शेतकरी दिवस मोजतोय’ हे वाक्य झालं, आणि ‘मोजतोय’मध्ये चित्र आहे. आता नामांची यादी करा: ऊस, पेरं, वजनकाटा, कारखाना, कॅलेंडर, चौदा दिवस. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात. यादीतली कोणतीही दोन नामं एकमेकांत मिसळून पाहा. पेरं आणि कॅलेंडर: एक उभा ऊस, प्रत्येक पेरावर तारखेची फुली, चौदाव्या पेराला ठळक कडं आणि त्यापुढे ऊस वाढत वाढत चौकटीबाहेर गेलेला. पेरं मोजून काढा. या भागातला वाचक ती मोजणार.

सीमाप्रश्नावरचे लेख 17 जानेवारी (सीमाभागातला हुतात्मा दिन) आणि 1 नोव्हेंबरच्या (काळा दिवस) आसपास हमखास येतात, तेव्हा विचार आधीच करून ठेवा. फाटलेला नकाशा, काटेरी तार, आवळलेली मूठ ही चित्रं इतकी वर्षं छापली गेली आहेत की डोळा त्यांवरून घसरतो. लेखातलं रोजचं काही शोधा. उदाहरणार्थ, आजीच्या हातात कन्नडमध्ये आलेलं विजेचं बिल आणि त्यावर ठेवलेलं नातीचं बोट. चेहरे नकोत, फक्त दोन हात: एक सुरकुतलेला, हिरव्या बांगड्यांचा, दुसरा शाईचे डाग पडलेला. यात प्रश्नही आहे, घरही आहे, आणि कोणाचा अपमान नाही. पुराच्या लेखात, समजा 2019 च्या ऑगस्टमधल्या गोकाकच्या पुरावर, छपरावरची माणसं फोटोग्राफरने आधीच टिपलेली असतात. तुम्ही पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली मातकट रेघ काढा आणि तिच्याखाली ओळीने वाळत घातलेली शाळेची पुस्तकं.

संपादकाला दोन कच्ची रेखाटनं दाखवा. एकच दाखवलं तर नकार आल्यावर हातात काही उरत नाही, पाच दाखवली तर पाचांची खिचडी मागितली जाते.

स्कॅन आणि व्यवहार

रेषाचित्र 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके), ग्रेस्केलमध्ये म्हणजे राखाडी छटांसह स्कॅन करा. स्कॅनरचा तयार काळा-पांढरा पर्याय बारीक रेषा खातो, ते रूपांतर नंतर स्वतः करा. फुगलेला कागद काचेला चिकटत नाही आणि सावली येते, म्हणून आदल्या रात्री तो जड पुस्तकांखाली ठेवा. फाइल टिफमध्ये द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की ती आक्रसते आणि छापल्यावर रेषांना करवतीसारखे दाते येतात.

काम घेतानाच चार ओळी लिहून घ्या, साधा ई-मेलसुद्धा चालेल: मानधन किती आणि कधी, दुरुस्त्या किती वेळा, वापर एकाच अंकापुरता की वेबसाइटवरही, मूळ चित्र कोणाकडे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे जाऊ शकतो. हे माहीत नसल्याने आपलंच चित्र दुसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर पाहायची वेळ येते.

मूळ चित्रं परत आली की प्रत्येकामध्ये बटर पेपर घालून आडवी ठेवा, गुंडाळू नका. मागच्या बाजूला पेन्सिलने अंकाचं नाव, वर्ष आणि छापील माप लिहा. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत सगळा गठ्ठा बाहेर काढून सावलीत दिवसभर मोकळा ठेवा आणि कडांना कसर लागलीय का, ते एकेक कागद उलटून पाहा.